वकील, रेसिडेंट आणि एजंट-जनरल

वर्तमानपत्र उघडिलें कीं राजदूत, उच्चायुक्त, वाणिज्यदूत, कार्यदूत असे शब्द दृष्टीस पडतात, आणि बहुतेक सुशिक्षित घरांत त्या सर्वांचा एकच अर्थ केला जातो : परक्या राज्यांत राहणारा आपल्या सरकारचा मोठा अधिकारी. एखाद्या चौकस मुलानें, ‘मॉस्कोस जातो तो राजदूत आणि लंडनास जातो तो उच्चायुक्त, हें कसें ?’ असें विचारिलें, तर वडीलधारी मंडळी ‘एकच तें, नांवें निराळीं’ असें म्हणून आपली सुटका करून घेतात. नांवें निराळीं हें खरें. पण एकच तें, हें मात्र खरें नव्हे.

हा भेद केवळ शिष्टाचाराचा आहे, असें कोणी म्हणेल. परंतु दूताच्या पदाचें नांव म्हणजे पाठविणारा स्वतःस काय समजतो आणि ठेवून घेणारा त्यास काय समजतो, याचा लेखी दाखलाच होय. पदाचें नांव बदललें म्हणजे बहुधा सत्ता आधींच बदललेली असते. तसें उघड बोलून दाखविण्याचें धैर्य मात्र कोणास झालेलें नसतें. बीड जिल्ह्याच्या व त्याच्या आसपासच्या मुलखाच्या इतिहासावरून ही गोष्ट फार चांगली समजून येते, म्हणून आम्हीं तेंच उदाहरण घेण्याचें योजिलें आहे.

उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस मांजरा आणि मध्यें बालाघाटाचे डोंगर, असा हा प्रदेश. पुण्याचे पेशवे व हैदराबादचे निजाम यांची ओढाताण पाऊणशें वर्षें याच टापूच्या आसपास चालली. पालखेडच्या मोहिमेनंतरचा मुंगी-शेवगांवचा तह (१७२८) गोदाकांठच्या मुलखांत झाला; राक्षसभुवनची लढाई (१७६३) आजच्या गेवराई तालुक्यांत झाली; आणि खर्ड्याचें रणक्षेत्र (१७९५) आज अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडत असलें, तरी बीडच्या सीमेपासून तें दूर नाहीं. जेथें फौजा भिडतात तेथें त्यांच्या आधीं आणि मागून मुत्सद्दी येतात. लढाईची हकीकत पोवाड्यांतून लोकांच्या तोंडीं राहते. वकिलाचा कागद दफ्तरांत पडून राहतो. आज आपण त्या कागदाकडे वळूं.

शिवकालांत दूतास हेजीब किंवा वकील म्हणत. अफझलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला व महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेला, हें प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. या दोघांचें काम नुसता निरोप पोंचविण्याचें नव्हतें. भेट कोठें व्हावी, बरोबर माणसें किती असावींत, हें त्यांनीं ठरविलें आणि त्यावर एका राज्याचें भवितव्य अवलंबून राहिलें. पण हेजीब कितीहि चतुर असला तरी धोरण ठरविणारा तो नव्हे. तें काम डबिराचें, म्हणजे अष्टप्रधानांतील सुमंताचें. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं रामचंद्र त्रिंबक हे त्या पदावर होते. सुमंत राजाजवळ बसून परराज्यांचा विचार करी व हेजीब परराज्यांत जाऊन तो विचार बोलून दाखवी. आजच्या भाषेंत परराष्ट्रमंत्री आणि राजदूत यांच्यांत जो भेद आहे, तो हाच. दूताची बुद्धि त्याची स्वतःची असते. वाणी धन्याची असते.

पेशवाईंत ‘वकील’ हा शब्द रूढ झाला, आणि त्याची व्याप्ति पाहिली म्हणजे नवल वाटतें. सरदाराचा कारकून दुसऱ्या सरदाराकडे गेला तरी तो वकील. दिल्लीच्या दरबारीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हिंगणे बंधु तेहि वकील. आणि १७८४ च्या अखेरीस बादशहा शहाआलम यानें पेशव्यांस जें सर्वोच्च पद दिलें व ज्याची नायबी महादजी शिंद्यांकडे आली, तेंहि ‘वकील-ई-मुतलक’. मुतलक म्हणजे निरंकुश. येथें वकील हा दूत नसून बादशहाचा मुखत्यारच झाला. शब्द एकच, पण त्याच्या मागें कोणाची थैली, कोणाची फौज व कोणाचा विश्वास आहे, यावर त्याचें वजन ठरे.

हें वजन राक्षसभुवनास दिसलें. १७६३ सालीं निजामअलीनें पुणें लुटून जाळलें होतें. त्याच्या पक्षास नागपूरचे जानोजी भोसले मिळालेले होते. माधवराव पेशव्यांचें वय तेव्हां अवघें अठरा वर्षांचें. परंतु पेशव्यांनीं आधीं तलवार न चालवितां बोलणें चालविलें, मुलखाचें आश्वासन देऊन जानोजीस निजामापासून फोडलें, आणि मग गांठ घातली. निजाम आपल्या कांहीं फौजेनिशीं गोदावरीपार झाला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिणतीरीं राहिला होता. १० ऑगस्ट रोजीं त्याच्यावर हल्ला झाला, दिवाण मारला गेला, आणि भरलेल्या नदीमुळें धन्यास त्याच्या मदतीस येतां आलें नाहीं. पुढें सप्टेंबरांत औरंगाबादेस तह झाला. राक्षसभुवन हें शनीचें क्षेत्र म्हणून यात्रेकरूंस माहीत आहे. त्या घाटावर उभें राहिल्यावर ही लढाई निम्मी तरी वकिलांनीं जिंकिली होती, याचीहि आठवण ठेवावयास हरकत नाहीं.

खर्ड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. चौथाई व सरदेशमुखीची बाकी वर्षानुवर्षें तुंबली होती. हैदराबादेस पेशव्यांचे वकील म्हणून गोविंदराव कृष्ण काळे व गोविंदराव पिंगळे होते. काळे हे साधे हिशेबनीस नव्हते. उत्तरेंतील मराठ्यांच्या उत्कर्षाची वार्ता ऐकून त्यांनीं नाना फडणिसांस लिहिलेलें पत्र इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहे. त्यांनीं बाकीचा तगादा लाविला, तेव्हां निजामाचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क यानें, हिशेब समजावयास नानांनीं स्वतः दरबारीं यावें आणि न आल्यास त्यांस कसें आणावें तें आपणांस ठाऊक आहे, अशा अर्थाची भाषा वापरली. वकिलाच्या तोंडावर त्याच्या धन्याचा अपमान करणें म्हणजे युद्ध पुकारणेंच होय. मार्च १७९५ मध्यें मराठ्यांची लाखावर फौज गोळा झाली. निजाम हटून खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला व कोंडला गेला. दौलताबादेसह मोठा मुलूख, तीन कोटि रुपये, आणि स्वतः मुशीर-उल्-मुल्क यास मराठ्यांच्या हवालीं करणें, अशा अटींवर त्यास तह करावा लागला.

येथें साधारण इतिहासकार थांबतात. आम्हांस मात्र पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. तो अपमानकर्ता दिवाण पुण्यास कैदी होऊन आला. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवरावांचा मृत्यु झाला, गादीविषयीं कारस्थानें सुरू झालीं, नानांस पुणें सोडून महाडास जावें लागलें. त्या गोंधळांत प्रत्येक पक्षास निजामाची मदत हवीशी झाली, आणि ती मिळवून देण्याजोगा मनुष्य पुण्यांतच बसलेला होता. ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या तहानें खर्ड्यास मिळविलेलें बहुतेक सर्व निजामास परत गेलें. ज्याच्यापाशीं पद नाहीं, शिक्का नाहीं, पोशाख नाहीं, अशा कैद्यानें एका फौजेनें गमावलेलें परत मिळविलें. पद म्हणजेच सर्वस्व नव्हे, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करितों. परंतु हा विजय कोणत्या किंमतीस पडला तेंहि पाहिलें पाहिजे.

या सर्व काळांत दोन्ही दरबारीं एक तिसरा मनुष्य बसलेला होता. त्यास वकील म्हणत नसत, तो रेसिडेंट. हैदराबादेस इंग्रजांचा रेसिडेंट १७७९ पासून होता. पुण्यास चार्ल्स मॅलेट १७८६ सालीं आला व संगमावर राहूं लागला. महादजी शिंद्यांस हें रुचलें नव्हतें. कारण सालबाईच्या तहाचे मध्यस्थ ते, व त्यांच्या छावणींत इंग्रजांचा वेगळा रेसिडेंट होताच. धन्याकडे एक आणि सरदाराकडे एक, असे दोन दूत ठेवणें म्हणजे सरदारास स्वतंत्र सत्ता मानणें होय. फूट पाडावयास तोफ लागत नाहीं. एक ज्यादा दूत पुरतो.

‘रेसिडेंट’ या शब्दाचा अर्थ फार नम्र : राहणारा. युरोपांतील दूतांच्या पायरींत त्याचें स्थान खालचें होतें. पण हिंदुस्थानांत या नम्र शब्दाचा पराक्रम असा कीं, त्यानें वरच्या सर्व पायऱ्या गिळल्या. खर्ड्यास सर जॉन शोअर यानें तटस्थता राखली, तेणेंकरून दुखावलेल्या निजामानें १७९८ सालीं तैनाती फौज पतकरली. त्या तहामागें मुशीर-उल्-मुल्कच होता. १८०० च्या तहानें कंपनीस कळविल्यावांचून परराज्यांशीं बोलणें लावणें निजामास बंद झालें. पेशव्यांनीं ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईस तशीच मान तुकविली. जुलै १८१५ मध्यें गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरास खून झाला. दूत अवध्य, हा आपला प्राचीन नियम आपल्याच तीर्थक्षेत्रीं मोडला गेला, आणि त्याचा दंड मोठा पडला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत, पेशव्यांनीं कोणत्याहि दरबारीं वकील पाठवूं नये व कोणाचा ठेवूं नये, असें कलम आलें. मराठी राज्य १८१८ सालीं बुडालें असें आपण म्हणतों. वास्तविक ज्या दिवशीं त्याचे वकील बंद झाले, त्या दिवशींच तें मुकें झालें होतें.

बीडच्या लोकांनीं हैदराबादचा रेसिडेंट क्वचितच पाहिला असेल. पण त्याची सत्ता त्यांच्या दारांत होती. अंबाजोगाई, तेव्हांचें मोमिनाबाद, येथें हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी असे. फौजेचें नांव हैदराबादचें, अंमलदार इंग्रज आणि खर्च निजामाच्या खजिन्यावर. त्याच खर्चाच्या थकबाकीपायीं १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. वकिलाच्या मागें त्याच्या धन्याची फौज असते. रेसिडेंटाच्या मागें यजमानाच्याच पैशावर पोसलेली फौज होती. दोन पदांतील फरक याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

आतां युरोपच्या पायऱ्या पाहूं. कारण आजचीं पदें तेथूनच आलीं आहेत. मानापमानाचे तंटे केवळ आपल्याच दरबारांत होत असें नाहीं. १६६१ सालीं लंडनमध्यें कोणाची गाडी पुढें जावी यावरून स्पेन व फ्रान्स यांच्या राजदूतांच्या माणसांत मारामारी होऊन माणसें मेलीं. असे प्रसंग टाळण्यासाठीं १८१५ सालीं व्हिएन्ना येथें दूतांचे वर्ग ठरविले गेले, व १८१८ सालीं त्यांत भर पडून चार वर्ग झाले : पहिला राजदूत, हा प्रत्यक्ष राजाच्या व्यक्तीचा प्रतिनिधि, दुसरा असाधारण दूत व पूर्णाधिकारी मंत्री, तिसरा निवासी मंत्री, आणि चौथा कार्यदूत. पहिल्या तिघांचीं अधिकारपत्रें एका राज्याच्या अधिपतीकडून दुसऱ्या राज्याच्या अधिपतीस जातात. कार्यदूताचें पत्र मात्र परराष्ट्रमंत्र्याकडून परराष्ट्रमंत्र्यास जातें. एकाच वर्गांतील दोघांत पुढें कोण, हें राज्याच्या थोरवीवर नव्हे, तर राजधानींत आधीं कोण आला यावर ठरावें, असाहि नियम झाला. लहान राज्यांस या साध्या नियमानें मोठा आधार दिला. १९६१ च्या व्हिएन्ना करारांत निवासी मंत्र्याचा वर्ग गळाला व तीन वर्ग उरले. वाणिज्यदूत या शिडीवर नाहींच. व्यापार, जहाजें, आपल्या नागरिकांच्या अडचणी हें त्याचें क्षेत्र. राज्याचा शब्द बोलणें हें त्याचें काम नव्हे.

मग उच्चायुक्त कोण ? ब्रिटिश साम्राज्यांतील वसाहतींचा राजा एकच. आणि राजा स्वतःच स्वतःकडे दूत कसा पाठविणार? म्हणून १८८० सालीं कॅनडानें लंडनला पाठविलेल्या प्रतिनिधीस हें नवें नांव मिळालें. हिंदुस्थान २६ जानेवारी १९५० रोजीं प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलांत राहिला, आणि राष्ट्रकुलांतील देशांपुरतें तें नांवहि राहिलें. मान राजदूताइतकाच, संबंधाचा उगम मात्र निराळा. मराठी घराण्यांतील रणजित पंडित यांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई १९४७ सालीं मॉस्कोस व १९४९ सालीं वॉशिंग्टनास राजदूत म्हणून गेल्या, आणि १९५४ सालीं लंडनास उच्चायुक्त म्हणून. व्यक्ति तीच, योग्यता तीच. बदललें तें दोन देशांमधील नातें.

या नात्याची चढती कमान दक्षिण आफ्रिकेंत दिसते. तेथें हिंदुस्थानचा प्रतिनिधि १९२७ सालीं नुसता ‘एजंट’ होता. श्रीनिवासशास्त्री हे पहिले. १९३५ पासून तो ‘एजंट-जनरल’ आणि १९४१ पासून ‘हायकमिशनर’ झाला. शेवटच्या पदावर वऱ्हाडचे रामराव देशमुख असतांनाच, १९४६ सालीं तेथील हिंदी लोकांविरुद्धच्या कायद्याच्या निषेधार्थ हिंदुस्थान सरकारनें त्यांस परत बोलाविलें. त्याच सुमारास, १९४४ ते १९४७ पर्यंत, रँग्लर रघुनाथराव परांजपे ऑस्ट्रेलियांत हायकमिशनर होते. एजंट-जनरल म्हणजे थोडक्यांत असा मनुष्य, कीं ज्याचें काम राजदूताचें, पण ज्याच्या सरकारास सार्वभौम म्हणावयास कोणी तयार नाहीं. १९४१ सालीं वॉशिंग्टनास गेलेले गिरिजाशंकर बाजपेयी हेहि एजंट-जनरलच होते.

हा अधांतरीं शब्द १९४७ सालीं हैदराबादेस आला, आणि बीडच्या लोकांच्या जिवाशीं त्याचा संबंध जडला. निजामाचा सार्वभौमत्वाचा ध्यास जुना होता. १९२५ सालीं त्यानें आपण इंग्रजांचे बरोबरीचे मित्र असल्याचा दावा मांडिला, आणि मार्च १९२६ मध्यें लॉर्ड रेडिंग यानें त्यास कोरडें उत्तर दिलें कीं, हिंदुस्थानांत ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणताहि संस्थानिक तिच्याशीं बरोबरीनें वाटाघाट करूं शकत नाहीं. ‘एक्झॉल्टेड हायनेस’ ही पदवी देणाऱ्यांनींच तिचा अर्थ असा सांगितला. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ती श्रेष्ठ सत्ता लोपली, रेसिडेंट गेला, आणि त्याच्या जागीं काय यावें हा प्रश्न उरला. राजदूत म्हणावें तर हैदराबाद परराष्ट्र ठरतें, हें दिल्लीस मान्य नव्हतें. रेसिडेंट म्हणावें तर निजाम मांडलिक ठरतो, हें त्यास मान्य नव्हतें. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे-थे करारानें मध्यम मार्ग काढला : दोहोंकडे एजंट-जनरल. दिल्लीस नवाब झैन यार जंग गेले; हैदराबादेस मुंबईचे नामांकित वकील व गुजराती साहित्यिक कन्हैयालाल मुनशी आले. त्यांचें काम व्यापारी प्रतिनिधीपुरतेंच असावें, अशी निजामपक्षाची ओढ होती. म्हणजे राजदूताचा वाणिज्यदूत करण्याचा तो प्रयत्न होता. राहावयास त्यांस बोलारम येथील हिंदी लष्कराच्या जागेंत जावें लागलें.

राजधानींत पदाच्या अर्थाचा हा वाद चालला असतां मराठवाड्यांत काय चाललें होतें ? रझाकारांच्या भयानें सीमेवरचीं कुटुंबें गांवें सोडून नगर व सोलापूर जिल्ह्यांत आश्रय शोधीत होतीं. अंबाजोगाईच्या शाळेंत पूर्वीं शिक्षक असलेले स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसचा लढा चालवीत होते. दिल्लीहून आलेला एजंट आपलें गाऱ्हाणें बोलूं शकतो कीं केवळ व्यापाराच्या वखारींची चौकशी करूं शकतो, हा प्रश्न त्या कुटुंबांच्या दृष्टीनें शब्दच्छलाचा नव्हता. निजामाचा दूत दिल्लीस होता, लंडनास होता. निजामाच्या रयतेचा दूत मात्र कोठेंच नव्हता.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. निजामानें मोईन नवाझ जंग यांच्या नेतृत्वाखालीं शिष्टमंडळ पाठवून संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या. मुनशी नजरकैदेंत पडले. १६ तारखेस पॅरिसमध्यें सुरक्षा समितीपुढें हैदराबादचें प्रकरण निघालें, आणि दुसऱ्याच दिवशीं हैदराबादेस प्रतिकार संपला. मुशीर-उल्-मुल्काप्रमाणें येथेंहि अखेरचें बोलणें नजरकैदेंतून सुटलेल्या मनुष्याशींच करावें लागलें : निजामानें मुनशींसच बोलावून घेतलें. थोड्याच दिवसांत त्यानें आपली तक्रार मागें घेतल्याची तार पाठविली. पॅरिसच्या शिष्टमंडळापाशीं पदें भारदस्त होतीं, कागद बिनचूक होते. ज्यांच्यासाठीं बोलावयाचें ती प्रजा तेवढी त्यांच्या पाठीशीं नव्हती.

यावरून आम्ही दोन गोष्टी घेतों. पदांचे भेद पोकळ नव्हेत. वकिलाचा रेसिडेंट झाला तेव्हां राज्य गेलें, आणि एजंटाचा हायकमिशनर झाला तेव्हां राज्य येऊं लागलें. पण पद हें मापाचें भांडें आहे, धान्य नव्हे. गोविंदराव काळ्यांचें भांडें साधें होतें, तें शिगोशीग भरलेलें होतें. पॅरिसला गेलेलें भांडें रुप्याचें होतें, तें रिकामें होतें. दूताच्या मागें राजा असावा लागतो, हें जुनें शास्त्र. राजाच्या मागें रयत असावी लागते, हें गोदाकांठानें शिकविलेलें नवें. तेव्हां मुलानें तो प्रश्न पुन्हां विचारिला, तर ‘एकच तें’ असें म्हणूं नये. त्यास नकाशा उघडून राक्षसभुवन दाखवावें, अंबाजोगाई दाखवावी, आणि १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून कां पाळतात तें सांगावें; उच्चायुक्त आणि राजदूत यांचा भेद त्यास आपोआप समजेल.